दोनदा दिसलेली डिस्क

मला प्रिंटर दुरुस्त करता येत नाही. हे एकदाचं छापून येऊ दे, म्हणजे आमच्या पनवेलजवळच्या विचुंब्याच्या सोसायटीतले लोक तरी ऐकतील. 'काकू, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये होतात ना?' म्हणत कोणी मुलाचा मोबाइल आणून देतं, कोणी वायफाय बंद पडलं म्हणून दार वाजवतं. मी 'नाही हो जमत' म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, मग इतकी वर्षं ही बाई करत काय होती?

करत होते ते सांगते. मोठ्या कंपनीत किंवा इस्पितळात जो मुख्य कॉम्प्युटर असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर हुशार असतो, पण त्याच्या स्वतःच्या पोटात जागा फारशी नसते. त्याचा सगळा माल शेजारच्या वेगळ्या पेटीत असतो. कपाटाच्या खणात बसवलेली ही पेटी, तिच्यात ओळीनं खोचलेल्या वीस-पंचवीस डिस्का. याला स्टोरेज म्हणायचं. हे स्टोरेज मी सर्व्हरला जोडून द्यायचे.

आता यात काय मोठंसं, केबल तर खुपसायची, असं वाटेल. डोंबल! स्टोरेजमधून हवा तेवढा तुकडा कापायचा, त्याला नंबर द्यायचा, तो कोणत्या सर्व्हरला दिसावा आणि कोणाला मुळीच दिसू नये हे ठरवून द्यायचं, मधल्या स्विचला, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्यालाही, ते समजावायचं, आणि मग सर्व्हरला म्हणायचं, बघ बाबा, दिसते का नवी डिस्क? दिसली की झालं काम. नाही दिसली, तर त्या दिवशी डबा तसाच परत घरी यायचा.

पनवेलला राहण्याचा फायदा असा की गिऱ्हाइकं चारी बाजूंना होती. उरणकडे बंदराची गोदामं, खारघरला कॉलेजं, गावात इस्पितळं. पाठीवर सॅक घेतलेली बाई दारात उभी राहिली की सगळीकडे एकच प्रश्न, 'इंजिनिअर मागून येतायत का?' सुरुवातीला मी चिडायचे. पुढेपुढे 'हो, पार्किंग शोधतायत,' म्हणून आत घुसायचे आणि कामाला लागायचे. काम झाल्यावर सही घेताना सांगायचे, 'त्यांना काही पार्किंग मिळालं नाही बघा.'

एक इकबालशेठ होते, उरण रोडला कंटेनरच्या वाहतुकीचा मोठा धंदा. त्यांनी हट्टच धरला की पेटी त्यांच्या केबिनमध्ये, खुर्चीच्या मागे ठेवायची. 'इतनी महागडी चीज मॅडम, ती कोंडून कशाला ठेवायची? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे की, माशाल्ला.' मी परोपरीनं सांगितलं की शेठ, हिचे पंखे फार आवाज करतात. ऐकतील तर शपथ. दुसऱ्या दिवशी दुपारीच फोन. मागे नुसतं घूं घूं चाललेलं. 'मॅडम, मेहरबानी करा, हिला आत न्या. गिऱ्हाइकाला वाटतंय मी एअरपोर्टवरनं बोलतोय. दोघांनी तर मला हॅपी जर्नी म्हणून फोन ठेवला.' खारघरच्या एका कॉलेजात प्राचार्यांनी दसऱ्याला पेटीला झेंडूचा हार घातला होता. पंख्यांनी पाकळ्या आत ओढल्या आणि पेटी तापून आरडाओरडा करायला लागली. मी चिमट्यानं पाकळ्या काढत बसले आणि प्राचार्य माझ्या शेजारी उभं राहून म्हणत होते, 'पण पूजा व्हायला हवीच ना हो?' हो म्हटलं, पुढच्या वर्षी फोटोची करा.

असे किस्से खूप आहेत. पण मला खरं सांगायचंय ते सावंत आणि मथुराबाईंचं. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

स्टोरेजपासून सर्व्हरकडे आम्ही कधीही एक केबल नेत नाही. दोन नेतो, वेगवेगळ्या स्विचमधून. एक तुटली, उंदरानं कुरतडली, झाडूवालीनं ओढली, तरी दुसरीवरून काम चालू राहतं. मात्र यात एक गोम आहे. डिस्क एकच असते, पण सर्व्हरकडे ती दोन रस्त्यांनी येते, आणि सर्व्हर इतका भोळा की त्याला वाटतं डिस्का दोन आहेत. एकाच घराला पुढून आणि मागून दार असावं आणि पोस्टमननं ती दोन घरं समजावीत, तसं. म्हणून सर्व्हरमध्ये एक छोटासा प्रोग्रॅम टाकावा लागतो, जो त्याला सांगतो की अरे, ही दोन नाहीत, एकच आहे. तो टाकला की दोन दिसणाऱ्या डिस्कांची एक होते. पाचेक मिनिटांचं काम. पण विसरलात की संपलं.

मी नोकरी सोडली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे एक कॅन्सरचं इस्पितळ होतं. नाव सांगत नाही, कारण बिचाऱ्यांची बदनामी व्हावी असं त्यांनी काही केलेलं नाही. तिथे रेडिएशनचं मशीन होतं. आपल्याकडचे पेशंट त्याला 'शेक' म्हणतात. आज माझा शेक आहे, इतके शेक राहिले. ज्याच्या घरात हे झालंय त्याला माहीत असेल. तर प्रत्येक पेशंटचा आधी स्कॅन काढतात, मग त्यावरून एक प्लॅन बनतो. किरण कोणत्या कोनातून सोडायचे, किती सोडायचे, हृदय-फुप्फुस कसं वाचवायचं, सगळं त्यात. हा प्लॅन समोर असल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. आणि हे सगळे प्लॅन, सगळे स्कॅन, मी जोडून दिलेल्या स्टोरेजवर होते.

तिथला आयटीवाला म्हणजे सावंत. डिपार्टमेंट म्हणायला एक, माणूसही एकच. वय पस्तिशीचं, कायम घाईत, शर्टाच्या खिशात तीन पेनं. मला तो आवडायचा, कारण मी सांगितलेलं लिहून घ्यायचा. दरवेळी मी गेले की त्याचं एकच पालुपद, 'मॅडम, बॅकअपचं काय करू? वर मागतो, तर बजेट नाही म्हणतात. रात्री झोप लागत नाही मला.' खरंच लागत नव्हती. अशी काळजी करणारे मी थोडेच पाहिले.

तर एके दिवशी त्यांचा जुना सर्व्हर बंद पडला. इस्पितळाला थांबता येत नाही, म्हणून सावंतनं नवा सर्व्हर आणला, दोन्ही केबली स्वतःच जोडल्या, आणि डिस्क दिसली. सगळे प्लॅन जागच्या जागी. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शेक सुरू झाले. त्यानं सगळं बरोबर केलं होतं, फक्त तो छोटा प्रोग्रॅम टाकायचा राहिला होता. त्यामुळे नव्या सर्व्हरवर त्याला आपली डिस्क दिसत होती, आणि तिच्या खाली, अगदी तेवढ्याच मापाची, बंद अवस्थेतली, आणखी एक.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं ती दुसरी पाहिली. त्याला वाटलं, देव पावला. नव्या सर्व्हरबरोबर एवढी मोठी मोकळी डिस्क मिळाली! किती दिवस मागत होता तो बॅकअप आता होणार होता. त्यानं ती चालू केली, फॉरमॅट केली, आणि पहिल्या डिस्कवरचं सगळं दुसरीवर कॉपी करायला लावलं. मला वाटतं, त्या क्षणी सबंध पनवेलमध्ये त्याच्याइतका समाधानी माणूस नसेल.

म्हणजे काय झालं, लक्षात आलं ना? दुसरी डिस्क नव्हतीच. मागच्या दारानं दिसणारी ती पहिलीच होती. त्यानं एकुलती एक डिस्क पुसली होती, आणि वर तिचीच कॉपी तिच्याच अंगावर लिहायला लावली होती.

थोड्याच वेळात सर्व्हर गांगरला आणि कॉपी मध्येच अडकली. प्लॅन उघडेनात. सावंतचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसत होते. आवाज ओळखू येईना. 'मॅडम, डी ड्राइव्ह गेला.' मी म्हटलं, 'कुठे गेला?' मग हळूहळू त्यानं काय केलं ते सांगितलं. मी ताटावरून तशीच उठले. 'सावंत, नीट ऐका. आता काहीही करायचं नाही. बंद करायचं नाही, चालू करायचं नाही, माउसला हात लावायचा नाही. मी येतेय.'

पोचले तर सर्व्हर रूममध्ये ही गर्दी. सावंत भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढराफटक. डॉक्टर इनामदार, म्हणजे रेडिएशनच्या मुख्य बाई, फोन कानाला लावून उभ्या. पलीकडे त्यांच्या ओळखीचा कुणी मुंबईचा तज्ज्ञ होता. तो सांगत होता की डिस्क तपासून दुरुस्त करायची जी कमांड असते ती चालवा, अर्ध्या तासात मोकळं. डॉक्टरबाई सावंतला म्हणाल्या, 'चालवा.' आणि सावंत खरंच पुढे झाला.

ती कमांड म्हणजे जखमेवर खरखरीत ब्रशनं घासायला बसण्यासारखं. फॉरमॅटनं फक्त वरची अनुक्रमणिका पुसली जाते, आतला माल बहुतेक तसाच असतो. पण त्या डिस्कवर आणखी एक अक्षर लिहिलं गेलं, की ते कोणाच्या तरी प्लॅनवर लिहिलं जाणार. हे समजावून सांगायला वेळ नव्हता. मी सर्व्हरच्या मागे गेले, दोन्ही केबली उपटल्या आणि माझ्या पर्समध्ये टाकून चेन लावली.

'हे काय करताय?' डॉक्टरबाई ओरडल्या.

'आता कोणालाच काही करता येणार नाही, हे करतेय.'

'माझे पेशंट बाहेर बसलेत! कोर्स अर्धा झालेले. मध्ये खंड पडला तर आजाराला आयतं फावतं, कळतंय तुम्हाला?'

'कळतंय. म्हणूनच काढल्या.'

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरं कोणी असतं तर जागीच जळालं असतं. पण बाई खरी मोठी. फोन बंद केला, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, 'बोला. काय हवंय तुम्हाला?'

मला हवी होती जागा. आमच्या धंद्यातला नियम असा की बिघडलेल्या डिस्कवर काम करायचंच नाही. स्टोरेजच्या आतल्या आत तिची जशीच्या तशी नक्कल करायची, मूळ डिस्क बाजूला ठेवायची, आणि जे काही शोधायचं ते नकलेवर. मग शंभर वेळा चुकलात तरी मूळ शाबूत. पण पेटी गच्च भरलेली. मी माझा लॅपटॉप पेटीला जोडून आत शोधलं तर त्याच पेटीत इस्पितळाच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवलेलं. मोठा तुकडा, नक्कल आरामात मावेल असा.

'हे पुसू का?' मी विचारलं.

'पार्किंगमध्ये कोणी कोणाच्या स्कूटरला ठोकलं ते? पुसा,' डॉक्टरबाई म्हणाल्या.

पुसलं, आणि नक्कल लावली. आता थांबणं आलं. मी चहाला म्हणून बाहेर आले. बाकावर पेशंट आणि त्यांची माणसं बसलेली. सगळ्यांना सांगितलं होतं की मशीनमध्ये बिघाड आहे. त्यात एक साठीच्या बाई होत्या, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ, शेजारी सून. उरणकडच्या गावातल्या, मथुराबाई नाव. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, शेक चाललेले. माझ्या हातात पेचकस बघून म्हणाल्या, 'मशीनवाली तूच का गो?'

मी म्हटलं, 'मशीनवाली नाही, मावशी. मशीनच्या मागची.'

'मंग मना खरा सांग. हितं कोन काय सांगंना. मशीन धड हाय, ती पोरगी मगाशी पुसून गेली तिला. मंग आमाला आत का नाय घेत?'

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. सांगितलं, मशीन ठीक आहे, पण ज्यावरून शेक देतात ती माहिती सापडत नाही.

'माजा फोटू हरवला?'

'सगळ्यांचाच.'

सून रडायलाच लागली. मथुराबाईंनी तिला दटावलं, 'गप गो! अजून काय झाला नाय.' मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'बग बाय, आपरेशन झाला, केस गेले, सगला सोसला. घरी नातीचा लगीन हाय, ता बगल्याबिगर मी काय जात नाय. ता तू शोदून दे.'

इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाला कधी शब्द दिला नव्हता. आम्ही 'प्रयत्न करू' म्हणतो, 'बघतो' म्हणतो. पण त्या बाईची ती नजर बघून मी काय बोलून गेले माझं मलाच कळलं नाही. 'देते मावशी. तुमचा फोटो मी काढून देते.'

नक्कल पूर्ण झाली तेव्हा दुपार कलायला लागली होती. मूळ डिस्क मी कुलूपबंद केली, नक्कल तेवढी माझ्या लॅपटॉपला दिसेल असं केलं आणि तिच्यावर शोधाचा प्रोग्रॅम सुरू केला. फाइली मिळाल्या, ढिगानं मिळाल्या, पण नावं गेलेली. नुसते आकडे. हजारो फाइली आणि कोणती कोणाची पत्ता नाही. सावंतनं डोकं धरलं. मग डॉक्टरबाईच म्हणाल्या, 'अहो, स्कॅनच्या प्रत्येक फाइलच्या आत पेशंटचं नाव असतंच की.' असतंच! पाकिटावरचं नाव पुसलं तरी आतल्या पत्रावर असणार. सावंत एकदम सरसावला. त्यानं तिथेच बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो एकेक फाइल उघडायचा, आतलं नाव वाचायचा आणि त्या नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचा. पडद्यावर एकामागून एक नावं यायला लागली. पाटील, शेख, म्हात्रे, कुलकर्णी, डाकी. डॉक्टरबाई प्रत्येक नावाला 'हा आला, हा आला' म्हणत होत्या, जणू शाळेची सहल परत येत होती.

कोर्स चालू असलेले सगळे पेशंट आधी तपासले. प्लॅन उघडायचा, डॉक्टरबाईंनी बघायचा, मान डोलवायची, पुढचा. उघडत गेले. सर्व्हर रूममध्ये पहिल्यांदा कोणीतरी हसलं. उघडलेला प्लॅन लॅपटॉपवरून थेट मशीनकडे धाडून बाहेरच्या बाकावरून एकेकाला आत बोलावणंही सुरू झालं.

एक प्लॅन उघडेना. मथुरा नाव होतं, फाइल होती, पण निम्म्यावर येऊन अडकायची. मी फाइल आतून पाहिली. अर्ध्यापर्यंत मथुराबाईंचा प्लॅन, आणि मग अचानक दुसऱ्याच कोणाच्या तरी पोटाचा स्कॅन. सावंतची कॉपी अडकण्याआधी जे थोडंफार लिहून गेली होती, ते नेमकं इथे पडलं होतं. त्यांचा मूळ स्कॅनही अर्धाच. आणखी दोघा-तिघांच्याही फाइली अशाच गेल्या होत्या, पण त्यांचे शेक केव्हाच संपलेले. कोर्स चालू असलेल्यांत त्या एकट्याच.

मी हट्टाला पेटले. प्रोग्रॅम बदलून पाहिला. दुसऱ्या बाजूनं शोध लावला. जुनी एखादी प्रत कुठे सांडली असेल म्हणून कोपरान्‌कोपरा धुंडाळला. सावंत शेजारी बसून मी म्हणेन ते करत होता. डॉक्टरबाई दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या माझ्या खुर्चीमागेच येऊन उभ्या राहिल्या.

'सोडा आता.'

'अजून एकदा बघते. एक रस्ता आहे.'

'नाहीये. तुम्हालाही माहीत आहे, नाहीये.'

'डॉक्टर, मी त्यांना शब्द दिलाय.'

'तो तुमचा प्रश्न आहे,' त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. 'स्कॅनचं मशीन आत्ता रिकामं आहे. थोड्या वेळानं वॉर्डातले पेशंट येतील, मग आज नंबर लागणार नाही. आज स्कॅन झाला तर मी बसून प्लॅन करते, खंड थोडक्यात आटपेल. किती शेक झालेत ते मला ठाऊक आहे. मला तुमची जिद्द नकोय, मला त्या बाई स्कॅनच्या टेबलावर हव्यात.'

मला इतका राग आला होता! त्यांचा नाही, त्या अर्ध्या फाइलीचा. एवढं सगळं परत आणलं आणि नेमकं हेच हातातून निसटलं. पण बाई बरोबर बोलत होत्या. मी जितका वेळ हट्ट करणार, तितका वेळ मथुराबाईंचा जाणार. मी प्रोग्रॅम बंद केला आणि उठले. 'मी सांगते त्यांना.'

सावंत माझ्या आधी उठला. 'तुम्ही थांबा मॅडम. मी सांगतो.'

'शब्द मी दिला होता, सावंत.'

'डिस्क मी फॉरमॅट केली होती,' तो म्हणाला आणि दार उघडून बाहेर गेला.

मी मागोमाग गेले. बाक आता बराच रिकामा झाला होता. सोबतचे सगळे आत जाऊन आलेले आणि ह्या दोघी तशाच बसलेल्या. सावंत मथुराबाईंसमोर उकिडवा बसला. दुपारपासून त्याच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं, पण आता एकदम स्वच्छ बोलला. 'मावशी, सगळ्यांचे फोटो मिळाले. तुमचा नाही मिळाला. मिळणारही नाही. तो माझ्या हातून पुसला गेला. ह्या मॅडमनी पुष्कळ शोधला. चूक माझी आहे.'

सून ताडकन उठली. 'अशी कशी चूक? माणसं मरतात हितं, आनि तुमी...' मथुराबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. मग सावंतकडे बघत राहिल्या.

'मुद्दाम केलास?' त्यांनी विचारलं.

'नाही हो मावशी. तुमच्या सगळ्यांची दुसरी कॉपी करून ठेवायला गेलो होतो.'

'मंग आता काय बोलते डाक्तरीन?'

'आज नवीन फोटो काढायचा. आत्ताच. मग नवीन प्लॅन. शेक थोडे लांबतील.'

'त्या पोकल मशीनमदी जावाचा? जिथं हालू नको बोलतात?'

'हो,' तो डोळे पुसत म्हणाला.

त्यांनी डोळे मिटले. पहिल्यांदाच त्या बाई मला घाबरलेल्या दिसल्या. मग डोळे उघडले आणि पदर खोचला. 'ऊठ,' त्या सावंतला म्हणाल्या. 'रडतस कनाला? मी काय मेले? चल माज्यासंगती. मागच्या खेपेला आतमदी बोलावाला कोन नव्हता, जीव घाबरा झाला माजा. तू बोलत रव मना.'

सावंत गेला. डॉक्टरबाईंनी त्याला काचेपलीकडच्या खोलीत माइकजवळ बसवलं. मी इकडे सर्व्हर रूममध्ये माझं काम घेतलं. आधी तो छोटा प्रोग्रॅम टाकला, मग पर्समधून केबली काढून जोडल्या, आणि तीनतीनदा तपासलं की डिस्क एकच दिसते. मिळालेलं सगळं तिच्यावर परत ठेवलं. स्कॅनची खोली शेजारीच आणि दार उघडंच होतं, त्यामुळे सावंतचा आवाज येत होता. 'मावशी, आता टेबल आत जाईल हां. हलू नका. आता थोडा आवाज होईल, पंख्यासारखा. मी इथेच आहे. नातीचं नाव काय म्हणालात? आत्ता सांगू नका, आत्ता बोलायचं नाही, बाहेर आल्यावर सांगा. झालं अर्धं.' दुपारपासून मान खाली घालून बसलेला माणूस तो, आता थांबायलाच तयार नव्हता.

माझ्या पडद्यावर फाइली यायला लागल्या. मथुरा, मथुरा, मथुरा. मी त्या येताना मोजत नव्हते, नुसती बघत होते. सावंत धावत आला आणि सगळ्या फाइलींची एक प्रत डॉक्टरबाईंनी स्वतःच्या केबिनमधून काढून दिलेल्या बाहेरच्या डिस्कवर घेतली. ती डिस्क त्यानं हातात उलटसुलट करून पाहिली, खरंच वेगळी आहे ना म्हणून. मला हसू आलं आणि त्यालाही.

डॉक्टरबाई संध्याकाळ ओलांडून प्लॅन करत बसल्या असं मला नंतर कळलं. मथुराबाईंना पुन्हा शेकासाठी बोलावलं, त्या दिवशी माझं तिथे काहीच काम नव्हतं. तरी गेले. सॅकही नेली नव्हती, त्यामुळे कोणी 'इंजिनिअर कुठे' असंही विचारलं नाही. मथुराबाई मला बघून म्हणाल्या, 'तू कनाला आलीस? परत काय मोडला का?'

'नाही मावशी, नुसती आले.'

'नुसता कोन येते हितं?' म्हणून त्या आत गेल्या. ते जाड दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला. सावंत कुठून तरी येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. त्यांचे उरलेले सगळे शेक पूर्ण झाले आणि त्या नातीच्या लग्नात मिरवल्या, हे मी आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. पण तेव्हा आम्हाला काय माहीत? आम्ही नुसते त्या दिव्याकडे बघत होतो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसतही नव्हते.

दिवा विझला. दार उघडलं. मथुराबाई पदर सारखा करत, आत फार गार असतं म्हणून कुरकुरत बाहेर आल्या. आम्हाला दोघांना तसं उभं बघून थबकल्या.

'काय झाला? कोन गेला का?'

'नाही मावशी,' सावंत म्हणाला. 'काही नाही.'

'मंग हुबं काय? जावा, कामाला लागा,' त्या म्हणाल्या. 'मना उरणची गाडी धरावाची हाय.'

त्या गेल्या. आम्ही कामाला लागलो.